कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येतंय

प्रश्न : चिपळूणला घरामागच्या शेडमध्ये 2 एचपीचा कॉम्प्रेसर आहे. भिंतीवरून पीव्हीसी पाइप फिरवून तीन ठिकाणी हवा घ्यायचा विचार आहे. पावसाळ्यात स्प्रे मारताना रंगावर पाण्याचे फोड येतात, त्याला काय करू?

उत्तर : आधी पीव्हीसी डोक्यातून काढाच, प्लीज. पाण्याचा पाइप फुटला तर पाणी सांडतं, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, पाइप तडकला की धारदार तुकडे गोळीसारखे उडतात, आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने नि तेलाने पीव्हीसी हळूहळू कमजोर होतो ते बाहेरून कळतही नाही. अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) घ्या, महाग पडला तरी चालेल.

आता पाणी. कोकणातली दमट हवा दाबली जाते, तापते, मग पाइपात थंड झाली की पाणी सुटणारच, म्हणून मेन लाइनला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या, शेवटी खाली ड्रेन कॉक, म्हणजे साठलेलं पाणी सोडायचा नळ. प्रत्येक ठिकाणची टी (फाटा काढायचा T आकाराचा जोड) मात्र वरच्या बाजूने काढायची आणि वळवून खाली आणायची, म्हणजे तळाशी वाहणारं पाणी स्प्रे गनपर्यंत येत नाही. मॉइश्चर सेपरेटर (हवेतलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) बरेच जण टाकीलाच चिकटवतात, तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफ होऊन तसंच पुढे जातं! तो स्प्रे गनच्या पॉइंटवर लावा.

टाकी आणि लाइनमध्ये बॉल व्हॉल्व्ह, नंतर रबरी होज, नाहीतर थरथरीने जॉइंट ढिले होतात. शेवटी साबणाच्या फेसाने लीक बघा, आणि टाकीचं पाणी रोज काढा.