गोड खाण्याआधी घेतलेला घटक रक्तातील साखर रोखतो का?

गोड खाण्यापूर्वी एखादा नैसर्गिक घटक घेतल्यास रक्तातील साखर वाढणे टळते का, असे आपण विचारले आहे. पूर्णपणे टळत नाही. मात्र ती हळू आणि कमी वाढावी, एवढे काही घटकांनी साधते. तो घटक नेमका कोठे काम करतो, हे आधी समजून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेले असतात आणि लहान आतड्याच्या अस्तरावरील सुक्रेज या एन्झाइमने ती जोडी तोडल्याशिवाय साखर रक्तात शोषली जात नाही. एल-अरॅबिनोज ही वनस्पतींमध्ये आढळणारी शर्करा याच एन्झाइमला अडवते. तुतीच्या पानांतील डीऑक्सिनोजिरिमायसिन सुक्रेजबरोबरच स्टार्चच्या पचनाच्या शेवटच्या टप्प्यातील एन्झाइमांनाही अडवते आणि मधुमेहावरील अकार्बोज हे औषधही याच पद्धतीने काम करते. ग्लुकोजच्या पेयावर मात्र यांचा उपयोग नाही, कारण तेथे तोडायचे काही शिल्लकच नसते. मधाचेही बहुतांशी तसेच आहे, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

चिकट, विरघळणारे तंतू वेगळ्या रीतीने काम करतात. इसबगोल किंवा ओट्स आणि बार्लीतील बीटा-ग्लुकन पाण्यात फुगून अन्न दाट करतात, त्यामुळे जठर सावकाश रिकामे होते आणि ग्लुकोज आतड्याच्या भिंतीपर्यंत उशिरा पोहोचते. म्हणूनच हा परिणाम ग्लुकोजवरही होतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने यासाठी त्याच जेवणातील दर 30 ग्रॅम कर्बोदकांमागे 4 ग्रॅम बीटा-ग्लुकन हे प्रमाण ग्राह्य धरले आहे. साध्या ओट्समध्ये कर्बोदकेच एवढी असतात की केवळ त्यांच्यातून हे प्रमाण जुळत नाही, त्यामुळे गोड पदार्थावर चमचाभर ओट्स पेरून फारसे काही साधणार नाही.

सुक्रेज अडवल्यावर न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते आणि तेथील जिवाणू ती आंबवतात. पोट फुगणे, वायू होणे, जुलाब होणे हे त्रास त्यातूनच उद्भवतात.

आपण इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा अर्क सुरू करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अकार्बोज घेणाऱ्या व्यक्तीची रक्तशर्करा फार खाली गेल्यास साधी साखर तोंडात टाकून वेळेवर आराम पडत नाही, कारण तिचे विघटनच मंदावलेले असते. अशा वेळी ग्लुकोजच द्यावे लागते, म्हणून ते जवळ बाळगावे.