उसाचा भाग : पेर की कांडे?

एका वाचकाने विचारले आहे : शब्दकोड्यात 'उसाचा भाग' असे दिले आहे आणि घरे दोनच आहेत, तर पेर लिहायचे की कांडे? त्याच कोड्यात 'समान फरकाने वाढत जाणाऱ्या संख्या' यासाठी 'श्रेणी' बसवले, तर 'पाडव्याला उभारतात' हा उभा शब्द जुळेना.

आधी ऊस. उसावर थोड्या थोड्या अंतराने आडव्या गाठी असतात, ते पेर. डोळा तिथेच असतो, मुळे आणि कोंबही तिथूनच फुटतात. दोन पेरांमधला सरळ, रसाळ भाग म्हणजे कांडे. बोलताना पुष्कळ जण कांड्यालाही पेर म्हणतात, म्हणूनच हा घोळ. माझ्या मते नुसते 'उसाचा भाग' असेल तर कांडे, 'बोटाचा किंवा उसाचा' असेल तर पेर. कारण आपण जप मोजतो तो बोटाच्या पेरांवर, तिथे कांडे कुणी म्हणत नाही. घरे तीन असती, तर लागणीसाठी तोडलेली, डोळे असलेली टिपरी किंवा सोलून खायचा करवा, हेही चालले असते.

तुकड्यांच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. आंब्याची फोड, कलिंगडाची फाक, लसणाची पाकळी, फणसाचा गरा, सुपारीचे खांड, भाकरीचा चतकोर. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा, लगेच कानाला खटकतो.

आता संख्या. 5, 8, 11, 14 ही श्रेढी. उभा शब्द 'गुढी' आहे, तेव्हा दुसऱ्या घरात 'ढी'च हवा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) श्रेढीव्यवहार आहे आणि आपल्या दहावीच्या बीजगणितातही हाच शब्द आहे. श्रेणी म्हणजे ओळ किंवा दर्जा. परीक्षेत मिळते ती प्रथम श्रेणी. संख्या नुसत्या ठरावीक क्रमाने मांडलेल्या असतील, फरक समान असो वा नसो, तर ती क्रमिका.

अशीच फसगत 'एकावर एक रचलेल्या वस्तू' यात होते. नाण्यांची चळत, भाकऱ्यांची चवड : दोन्ही तीन अक्षरी, दोन्हींची सुरुवात 'च'ने. तिथे 'च' लिहावा आणि पुढची दोन घरे उभे शब्द सुटेपर्यंत रिकामी ठेवावीत. घरे चार असतील, तर मडक्यांची उतरंड बिनधास्त लिहा.