सुरीच्या पाठीवर अंगठ्यासाठी खाचा पाडायच्या, पण पाणी देण्याआधी (म्हणजे तापवून, बुडवून कडक करण्याआधी) की नंतर?

तुमची सुरी जीपच्या कमानपाट्याची (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची) आहे, अंगठा घसरतो म्हणून पाठीवर खाचा हव्यात, असं तुम्ही लिहिलंय. मग आधीच पाडा. पाणी दिलेलं पातं जवळजवळ कानशीइतकं कडक होतं, मग कानस नुसती सरकत राहते. आमच्या बीडकडे लोहार विळ्याला छन्नीनं दात पाडतात, तेसुद्धा पाण्याआधीच.

जपायचं ते खाचेच्या तळाला. माझ्या पहिल्या सुरीला मी तिकोनी कानशीनं टोकदार खाचा काढल्या. दिसायला झकास! लालबुंद करून बादलीत बुडवली आणि बारीक 'टिंग' ऐकू आलं. पुसून बघतो तर तिसऱ्या खाचेतून केसाएवढी चीर धारेकडे उतरलेली. टोकदार तळाशी ताण एकवटतो, हे एक. दुसरं, कमानपाट्याच्या पोलादाला तेल लागतं, साधं पाणी त्याला सोसत नाही. (तेलात बुडवलं तरी आपण 'पाणी दिलं' म्हणतो, माझा घोळ तिथंच झाला.)

तेव्हा ३ मिमीची गोल कानस घ्या. मूठ तात्पुरती बसवून सुरी हातात धरा, अंगठ्याला स्टॅम्पपॅडची शाई लावून पाठीवर टेकवा. ठसा उमटेल तिथंच खाचा. मापं घेत बसू नका. अंतरासाठी वाईसमध्ये पात्याला लागून १० मिमीचा बोल्ट पकडा. त्याचे आटे दीड मिमीवर असतात, एक सोडून एक आट्यात हॅक्सॉचं पान टेकवून पाठीवर ओरखडे काढा. सात-आठ पुरेत. खोली अर्धा मिमी, त्याहून जास्त नको. कानशीला खडू चोळा म्हणजे चुरा दातांत अडकत नाही, आणि कानस पुढं जातानाच दाबा, मागं घेताना उचला.

शेवटी कडा पॉलिशपेपरनं मारा. जुनं धोतर खाचांवरून ओढून बघा, धागा अडकला तर अंगठाही सोलणार.

पाणी आधीच देऊन बसला असाल तर डायमंडची बारीक गोल कानस आणा आणि एखादा रविवार त्यात घाला. ग्राइंडर लावायचाच असेल तर दर दोन सेकंदांनी पातं ओल्या फडक्यावर ठेवा. पाठ थोडी निळी पडली तरी चालेल, पण निळा रंग धारेपर्यंत पोचला तर पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, पुन्हा भट्टी पेटवा.