वडील जाऊन दोन महिने झाले. कराडजवळच्या गावी आई एकटी, नीट जेवत-झोपत नाही. काय करावं?

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, खरा रितेपणा त्यानंतर येतो. त्यामुळे दोन महिन्यांनी आई अशी असणं नैसर्गिक आहे. तिला 'आता सावर' म्हणू नका.

सर्वांत कठीण वेळ दिवेलागणीची. रोज त्याच वेळी फोन करा आणि वडिलांचं नाव टाळू नका, ती बोलेल तेवढं बोलू द्या. शेजाऱ्यांनी 'काही लागलं तर सांगा' म्हटलं तर ती कधीच सांगणार नाही. त्यापेक्षा 'मंगळवारी भाकरी-पिठलं आणते, दोघी मिळून जेवू' असं ठरवून घ्या. ताटात थोडंच वाढा, पण दिवसातून चार वेळा. बीपी-शुगरच्या गोळ्या याच काळात चुकतात, म्हणून वारांचे कप्पे असलेली डबी भरून ठेवा. झोपेची गोळी कुणाकडून मागून देऊ नका. वडिलांचे कपडे घाईने वाटून टाकू नका. कुंकू लावायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने तर 2022 मध्ये विधवा प्रथाच बंद केल्या.

पितृपक्ष, पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध या दिवसांत दुःख पुन्हा उसळतं. तेव्हा कुणीतरी तिच्याजवळ राहा.

'मलाही न्या' असं ती वारंवार म्हणू लागली किंवा जेवणच सोडलं, तर वाट पाहू नका. शेतीची औषधं कुलपात ठेवा, तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416 मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.