इनडोअर गो-कार्टिंगमध्ये लॅप टाइम कमी कसा करायचा? वळणात गाडी मागून घसरते, त्यावर उपाय काय?

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या इनडोअर ट्रॅकवर ऑफिसच्या मंडळींबरोबर नेहमी जाता, सगळ्यांना सारख्याच इलेक्ट्रिक कार्ट मिळतात, तरी तुमची सर्वोत्तम लॅप मित्रांपेक्षा दोन सेकंदांनी मागे पडते. वळणात गाडी मागून घसरते आणि आपलं ८४ किलो वजन आड येतंय का, अशी शंका आहे. मी त्याच भागात, बे एरियात राहतो आणि इथल्या इनडोअर ट्रॅकवरच्या संध्याकाळच्या लीगमध्ये बऱ्याच वर्षांपासून भाग घेतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक दिलासा. दोन सेकंदांचा फरक हा धाडसाचा फरक नसतो. शेवटचे एक-दोन दशांश कमी करायला जिवाचं रान करावं लागतं, पण पहिले दोन सेकंद गाडी कशी चालते हे कळलं की कमी होतात.

कार्टला छोटी मोटार समजू नका. तिची मागची दोन्ही चाकं एकाच सलग अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली असतात, दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, पण इथे दोघांना एकाच गतीने फिरावं लागतं. त्यामुळे कार्टचा ओढा कायम सरळ जाण्याकडे असतो. तिला वळवायचं तर मागचं आतलं चाक हलकं व्हावं लागतं. स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या विशिष्ट कलामुळे आतलं पुढचं चाक जमिनीत दाबलं जातं, फ्रेम किंचित पिळते आणि मागचं आतलं चाक हलकं होतं, कधी कधी उचललंही जातं. सस्पेन्शन नाहीच, जे काही लवचीकपण आहे ते फ्रेमचं. आर्ट इंगल्स यांनी १९५६ मध्ये इथेच, दक्षिण कॅलिफोर्नियात, गवत कापायच्या यंत्रासाठी बनवलेलं इंजिन लावून पहिली कार्ट तयार केली, तेव्हापासून हे असंच चालत आलंय.

दुसरी गोष्ट तुमच्या घसरण्याशी थेट जोडलेली आहे. भाड्याच्या कार्टमध्ये ब्रेक साधारणपणे फक्त मागच्या अ‍ॅक्सलवर लागतो. म्हणजे वळणात शिरताना, स्टिअरिंग फिरलेलं असताना ब्रेक दाबला की मागच्या चाकांची पकड ब्रेक लावण्यातच खर्च होते, गाडीचा मागचा भाग आडवा धरून ठेवायला काही उरत नाही, आणि मागचा भाग पुढे यायला बघतो. मोटार चालवताना आपल्याला चारही चाकांच्या ब्रेकची सवय असते, म्हणून पाय आपोआप उशिरापर्यंत पेडलवर राहतो. ही सवय आधी मोडा. गाडी सरळ असताना ब्रेक एकदाच, ठामपणे दाबा, चाकं लॉक होण्याच्या अलीकडे थांबा, पेडल सोडा आणि मगच हात फिरवा. सुरुवातीला वाटेल की आपण फारच लवकर ब्रेक लावतोय. वाटू द्या.

आता हेअरपिन, म्हणजे गाडीला जवळजवळ उलट दिशेला नेणारं तीव्र वळण, कारण बहुतेकांचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. समजा डावीकडचं वळण आहे. शिरताना गाडी पार उजव्या कडेला ठेवा. वळणाच्या आतल्या कडेला गाडी जिथे सर्वात जवळ येते तो अ‍ॅपेक्स, आणि नवखा माणूस तो फार लवकर गाठतो: मोकळी जागा दिसली की आत घुसतो, मग निम्मं वळण शिल्लक असताना बाहेरचा बॅरियर समोर येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडावा लागतो. तुम्ही थांबा. मनाला पटतं त्याहून थोडं उशिरा, एका झटक्यात नाही पण निश्चयाने हात फिरवा, आणि अ‍ॅपेक्स वळणाच्या मध्याच्या पुढे, दोन-तृतीयांशाच्या आसपास येऊ द्या. तो येतो तेव्हा गाडीचं नाक पुढच्या सरळ पट्ट्याकडे बघत असतं. तिथून स्टिअरिंग सोडत जा आणि जितकं ते सरळ होईल तितका अ‍ॅक्सिलरेटर वाढवा. गाडी आपसूक उजव्या कडेला जाईल. जाऊ द्या, ती रुंदी पूर्ण वापरायची असते.

याचं गणित साधं आहे. हेअरपिननंतर ६० मीटरचा सरळ पट्टा धरा. तो सेकंदाला सरासरी १२ मीटर वेगाने ५ सेकंदांत संपतो. बाहेर पडताना साधलेल्या वेगामुळे सरासरी १२.५ झाली तर ४.८ सेकंद लागतात. एका वळणातून सेकंदाचा पाचवा हिस्सा मिळाला. उशिरा ब्रेक मारून शिरताना इतका फायदा होत नाही, झाला तरी बाहेर पडताना तो दुप्पट परत द्यावा लागतो. म्हणून ट्रॅकवरचा सर्वात लांब सरळ पट्टा शोधा आणि त्याच्या आधीच्या वळणावर सगळा अभ्यास करा. दोन वळणं लागोपाठ असतील तर पहिल्यात थोडं नुकसान सोसा आणि दुसऱ्यातून नीट बाहेर पडा. बाकीची छोटी वळणं नंतर पाहू.

कान उघडे ठेवा. इलेक्ट्रिक कार्टला इंजिनचा आवाज नसल्यामुळे टायर स्पष्ट ऐकू येतात, आणि ही मोठी सोय आहे. हलकी, सलग सी-सी ऐकू आली तर टायर आपल्या मर्यादेजवळ काम करतोय. मोठ्याने किंचाळायला लागला तर तो रबर झिजवून तुमचा वेग खातोय. अशा वेळी लोक स्टिअरिंग आणखी फिरवतात. उलट करा, हात थोडे परत आणा, पुढची चाकं पुन्हा पकड घेतील. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, कोपरं किंचित वाकलेली, पकड सैल. शर्यतीनंतर मनगटं दुखत असतील तर समजा तुम्ही गाडी चालवत नव्हता, तिच्याशी झगडत होता.

अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकत्र दाबू नका. बऱ्याच इलेक्ट्रिक कार्टमध्ये दोन्ही पेडल दाबली की मोटरचा पुरवठाच तुटतो आणि परत यायला क्षणभर जातो. डावा पाय ब्रेकवर नुसता टेकलेला राहत असेल तर तुमच्या दोन सेकंदांतला काही भाग तिथेही असू शकतो. मोटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, त्यामुळे चाक वळलेलं असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबला तरी गाडी मागून निसटते.

जमिनीकडेही बघा. इनडोअर ट्रॅक बहुधा गुळगुळीत काँक्रीटचा असतो. सगळे ज्या रेषेवरून जातात तिथे रबर चढून काळपट पट्टा दिसतो, तिथे पकड चांगली असते, आणि त्याच्या बाजूला धूळ. पहिल्या एक-दोन लॅपमध्ये टायर गार असतात, तेव्हा जपून. सुट्टीत गावी गेलात तर कोल्हापूरला मोहिते यांच्या उघड्या ट्रॅकवर एकदा चालवून बघा. तिथल्या डांबरावर चालवताना इथली जमीन किती निसरडी आहे हे लगेच कळेल.

नजरेबद्दल एवढंच: पुढच्या गाडीच्या बंपरकडे बघत राहिलात तर तिच्या सगळ्या चुका तुमच्याही होतात. ब्रेक सोडताना डोळे अ‍ॅपेक्सवर, अ‍ॅपेक्सला पोचायच्या आधी बाहेर पडायच्या कडेवर.

ओव्हरटेक करायचं असेल तर पुढचा माणूस हेअरपिनमध्ये लवकर आत घुसेपर्यंत थांबा. तो बाहेर फेकला जाईल, तुम्ही उशिराचा अ‍ॅपेक्स घेऊन आतून आधी अ‍ॅक्सिलरेटर द्याल आणि सरळ पट्ट्यावर त्याच्या शेजारी असाल. धक्का द्यायची गरजच पडत नाही, आणि ट्रॅकवर लक्ष ठेवणारा मार्शलही शांत राहतो.

शर्यतीनंतर लॅप टाइमचा कागद मिळतो किंवा फोनवर येतो, तो जपून ठेवा. फक्त सर्वोत्तम आकडा बघू नका, सगळ्या लॅपमधलं अंतर बघा. मोकळ्या ट्रॅकवरही ते एका सेकंदाहून जास्त असेल तर अजून वेग वाढवायच्या फंदात पडू नका, एकच रेषा परत परत साधा. एका फेरीत एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते समजत नाही.

आणि वजन. हलक्या माणसाची गाडी वळणातून लवकर वेग पकडते, हे खरं. म्हणूनच गंभीर लीगमध्ये हलक्यांच्या गाडीत वजन ठेवून सगळ्यांना समान पातळीवर आणतात. पण ८४ किलोंमुळे लॅपमागे दोन सेकंद जात नाहीत. मित्रांपैकी तुमच्याच वजनाचा कुणी असेल तर त्याचा कागद मागून घ्या आणि तुमच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा.