वाचक विचारतात : हवा भरत नाही, दोष कॉम्प्रेसरचाच का?

प्रश्न : दहा चाकी ट्रकमधून चिरा भरून आम्ही कुंभार्ली घाटाने कराडला जातो. सकाळी ब्रेकच्या टाक्यांत हवा भरायला १५-२० मिनिटं लागतात. पूर्वी ५-६ मिनिटांत भरायची. मिस्त्री म्हणतो हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर बदला. नवा घ्यावा का? (चिपळूण)

उत्तर : एवढ्यात नको. हवा कमी बनतेय की बनलेली निसटतेय, हे आधी ठरवा. गाडी सपाट जागेवर घ्या, चाकांना ठोकळे लावा. ड्रायर (हवेतली ओल काढणारा डबा) फस्सकन हवा सोडेपर्यंत प्रेशर भरू द्या. बऱ्याच गाड्यांत हे ८ ते ८.५ बारला (बार हे हवेच्या दाबाचं माप) होतं, काही नव्या गाड्यांत १० च्या आसपास. मग इंजिन बंद करा, पण चावी ऑन ठेवा, नाहीतर प्रेशरचा काटा वाचता येणार नाही. पार्किंग ब्रेक सोडा, काटा स्थिरावला की घड्याळ लावा. मिनिटाला ०.१५ बारपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. आता ब्रेक पूर्ण दाबून धरा. पहिल्या दाबाला काटा खाली येणारच, ती घट मोजू नका. त्यानंतरच्या मिनिटात काटा ०.२ बारपेक्षा जास्त उतरता कामा नये.

ब्रेकवर पाय न ठेवताच काटा उतरत असेल तर पाइपांचे जोड, ब्रेक पेडलचा फूट व्हॉल्व्ह, प्रोटेक्शन व्हॉल्व्ह (एका लाइनची हवा गेली तरी बाकीची राखणारा) आणि मागच्या चाकांच्या ब्रेक चेंबरची (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारा डबा) स्प्रिंगची बाजू तपासा. फक्त ब्रेक दाबल्यावर उतरत असेल तर चेंबरचा डायफ्राम (रबरी पडदा), होस किंवा मागच्या चाकांना हवा सोडणारा रिले व्हॉल्व्ह. साबणाचं पाणी ब्रशने लावत जा, बुडबुडा दिसेल. आपल्याकडे एक जागा हमखास सुटते : चेसिसला क्लिपने बांधलेला लोखंडी पाइप. क्लिपखाली ओल आणि खारी हवा धरून राहते, पाइप तिथे आतल्या आत कुजतो आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. क्लिप सोडून बघा. स्प्रिंग चेंबरचा क्लॅम्प मात्र रस्त्याकडेला कुणालाही खोलू देऊ नका. आत दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो.

गळती नसेल तरच कॉम्प्रेसरकडे वळा. एअर फिल्टरकडून येणारा होस आतून चिकटला किंवा मुडपला आहे का? मग टाक्या रिकाम्या करून कॉम्प्रेसरपासून ड्रायरपर्यंतचा डिलिव्हरी पाइप सोडा. आत कार्बनचा थर असेल तर तार घालून खरवडण्यापेक्षा पाइप बदलावा, त्याच लांबीचा आणि त्याच आतल्या व्यासाचा. आखूड पाइप टाकला की हवा ड्रायरपर्यंत तापलेलीच पोचते आणि ओल पकडली जात नाही. पाइपला मध्ये झोळ ठेवू नका, तिथे पाणी साचतं. पाइप साफ असेल तर अनलोडर (टाक्या भरल्यावर कॉम्प्रेसरचं हवा भरणं थांबवणारा भाग) अडकलाय का ते बघा. हेड खोलून व्हॉल्व्ह प्लेट आणि पिस्टनच्या रिंगा तपासणं हे सगळ्यात शेवटी.

प्रश्न : कंटेनर ट्रेलर आहे. टाकीचा ड्रेन उघडला की ताकासारखं पांढुरकं, चिकट पाणी येतं. पावसाळ्यात जास्तच. (उरण)

उत्तर : ऑइल आणि पाणी एकत्र घुसळलं गेलंय, म्हणजे तक्रारी दोन आहेत. पाणी येतंय कारण ड्रायरचं ओल शोषणारं कार्ट्रिज संपलंय. वर्षातून एकदा बदलतात. किनाऱ्यावरच्या गाडीला मेअखेरीस बदललं तर ऐन ओलीच्या दिवसांत ते ताजं असतं. ऑइलमध्ये भिजलेलं कार्ट्रिज डिझेलने धुऊन परत बसवतात, ते निव्वळ वाया. आतले दाणे पुन्हा ओल धरत नाहीत.

ऑइलचं थोडं लांबवर बघावं लागतं. कॉम्प्रेसरला इंजिनचंच ऑइल जातं आणि ते खाली परत यायला वाट लागते. गॅस्केटला सढळ हाताने फासलेला सीलंट त्या वाटेत गेला की ऑइल तुंबतं आणि रिंगांवरून वर चढतं. चोंदलेला इनटेक होसही पिस्टनखालचं ऑइल वर ओढतो. तिसरं कारण पुन्हा गळतीच : हवा निसटत राहिली की कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही, तो तापतो आणि ऑइल सोडतो. हे तिन्ही निस्तरल्यावरही ऑइल आलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा आणि बोअर (पिस्टनची नळी) झिजलेत. दुरुस्तीनंतर सगळ्या टाक्या निथळून घ्या. ब्रेक उशिरा सुटत असतील तर फूट व्हॉल्व्हची रबरं ऑइलने फुगलेली असणार, नव्या रबरांचं किट टाका.

प्रश्न : रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी बाहेर फेकलं जातं. इंजिनचं हेड उतरवायला सांगितलंय. (कणकवली)

उत्तर : तुमचा कॉम्प्रेसर पाण्याने थंड होणारा असेल तर हेड उतरवण्याआधी हे करा. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळीच, रेडिएटरचं झाकण काढा. टाक्यांतली हवा सोडून इंजिन चालू करा. हवा भरताना बुडबुडे येतात, ड्रायरने फस्स केल्यावर थांबतात आणि ब्रेक चार-सहा वेळा दाबून कॉम्प्रेसर पुन्हा कामाला लागला की परत येतात? मग कॉम्प्रेसरचंच हेड गॅस्केट गेलंय. काम स्वस्तातलं. बुडबुडे सतत येत राहिले तर मात्र इंजिनचं हेड.

प्रश्न : कशेडी घाट उतरताना काटा झपाझप खाली येतो, सपाटीवर ठीक. (पोलादपूर)

उत्तर : न्यूट्रलमध्ये उतरत असाल तर ते आजच बंद करा. कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. आयडलिंगला तो सगळ्यात कमी हवा देतो आणि उताराला लागते सगळ्यात जास्त. खालच्या गिअरमध्ये एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा) लावून उतरा, पायब्रेक कमी लागेल आणि इंजिनचे फेरे जास्त राहून हवाही भरत राहील. शिवाय स्लॅक अॅडजस्टर (ब्रेकमधलं अंतर जुळवणारा भाग) तपासून घ्या. ब्रेकचे लायनर झिजून पुशरॉडचा (चेंबरमधून बाहेर येणारा दांडा) स्ट्रोक वाढला की प्रत्येक ब्रेकला चेंबर जास्त हवा खातो. हवा कमी झाल्याचा धोक्याचा बझर वाजलाच तर पुढचं वळण गाठायची घाई न करता जिथे आहात तिथेच गाडी बाजूला घ्या आणि हवा भरू द्या.