न्यू ऑर्लीन्स अजून सावरलं नाही का, असं विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न असा: ट्यूलेन विद्यापीठात नोकरी मिळतेय, बरोबर नवरा आणि सहा वर्षांची मुलगी येणार, पण जो तो सांगतोय की हे शहर २००५ च्या कॅटरिना वादळातून अजून उठलेलंच नाही. तर यावं का? व्हिसा, पगार, कर हे सगळं तुम्हाला सरकारी साइटवर मिळेल, त्यात मी पडत नाही. पण ते ‘अजून उठलेलं नाही’ मी दर २९ ऑगस्टला, त्या वादळाच्या तारखेला, फोनवर ऐकते, आणि दरवेळी ‘हो ना’ म्हणून विषय बदलते. आज बदलत नाही.

बाहेरून येणारे दोन तऱ्हेचे. काही फ्रेंच क्वार्टरमध्ये दोन रात्री राहतात आणि म्हणतात, इथे तर काहीच झालेलं दिसत नाही. दिसणार कसं? ती नदीकाठची जुनी, उंच जमीन, २००५ मध्येही तिथे फारसं पाणी चढलं नव्हतं. दुसऱ्यांना थेट लोअर नाइन्थ वॉर्ड बघायचा असतो. तिथे कमरेएवढ्या गवतात सिमेंटच्या पायऱ्या आहेत, वर घर नाही. आमच्याकडे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी गाडीच्या काचेतूनच फोटो काढले आणि ‘इथल्या लोकांना कामाची आवड दिसत नाही’ असं ठरवूनही टाकलं. मी त्यांना जेवायला वाढलं. बोलायला हवं होतं की नको, हे अजून माझं ठरत नाही.

कारण उत्तर लांबलचक आहे. शहराचा ऐंशी टक्के भाग बुडाला तो नुसत्या वादळाने नव्हे, कालव्यांच्या पूरभिंती फुटल्या म्हणून. त्या बांधणाऱ्या लष्करी अभियंत्यांनीच २००६ मध्ये रचनेतल्या चुका मान्य केल्या. आम्ही जेंटिलीत राहतो, तिथे लंडन अॅव्हेन्यू कालव्याचं पाणी आलं होतं. आमच्या शेजारच्या आजी काळ्या, निवृत्त शिक्षिका. घर बांधायला ‘रोड होम’ नावाच्या योजनेत पैसे मिळायचे, कमाल दीड लाख डॉलर. पण हिशोब असा की वादळाआधीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांतली जी रक्कम कमी, ती धरायची. काळ्या वस्तीतल्या घराला बाजारभाव मुळातच कमी. लाकूड, पत्रा, गवंडी मात्र गोऱ्या लेकव्ह्यूत आणि इथे त्याच दराने. म्हणजे इथल्यांना पैसे कमी पडले. त्यावर खटला झाला, २०११ मध्ये तडजोड झाली, तोवर कित्येकांनी नाद सोडला होता. शिवाय घर उंच उचलण्यासाठी दिलेले तीस हजार ज्यांनी दुरुस्तीत घातले, त्यांच्यावर राज्याने वसुलीचे दावे लावले. ते मिटले २०२३ मध्ये! २००० साली इथे चार लाख पंच्याऐंशी हजार लोक होते, २०२० च्या जनगणनेत तीन लाख चौऱ्याऐंशी हजार, तेही आमच्यासारखे नवे धरून.

माझं माहेर पानशेतच्या पूरग्रस्त वसाहतीतलं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, आणि त्या जागांच्या मालकीचे कागद कित्येक दशकं सरकारदरबारी पडून होते. म्हणून पुणं सावरलं नाही, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. बाबांची ती फाइल बघत मी मोठी झाले, त्यामुळे आजींचे डबाभर कागद पाहिले तेव्हा मला त्यात नवं काही वाटलं नाही.

आता शाळा. हे नीट वाचा, तुमची मुलगी सहाची आहे. वादळानंतर इथे सरकारी शाळांतल्या सात हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना काढून टाकलं, आजी त्यांतल्याच. नंतर जवळजवळ सगळ्या शाळा वेगवेगळ्या संस्थांच्या हाती गेल्या. घराजवळची शाळा तुमची, असं इथे नाही. पसंतीक्रम भरायचा आणि कॉम्प्युटरच्या सोडतीची वाट बघायची. आमच्या लेकीला शहराच्या पार दुसऱ्या टोकाची शाळा लागली. अंधारात बस यायची, ती पेंगत चढायची. दुसऱ्या वर्षी संस्थेचा परवानाच गेला. शाळेचं नाव, गणवेश, बाई, सगळं बदललं, इमारत तेवढी राहिली. बाहेरचे अभ्यासक येऊन ‘वादळानंतरचा शैक्षणिक चमत्कार’ असं लिहून जातात. निकाल सुधारलेही आहेत, नाही म्हणत नाही. पण ज्या बाईंकडे ती वाचायला शिकली त्या कुठे गेल्या, हे तिला सांगायला कुणीही आलं नाही. लेक आता कॉलेजात आहे, ती हे विसरली. मी नाही.

एकटेपणा? आहे. मोठं मराठी मंडळ ह्यूस्टनला, साडेतीनशे मैलांवर. पहिली दिवाळी जड जाते, मग सवय होते.

तुम्हाला छळेल तो विमा. २०२१ मध्ये आयडा वादळ आलं, तेही २९ ऑगस्टलाच. नव्या पूरभिंती टिकल्या, पण शहराला वीज आणणाऱ्या आठही वाहिन्या बंद पडल्या. आम्ही ह्यूस्टनच्या हॉटेलात. त्यानंतर आमची विमा कंपनीच बुडाली, दुसरीने हप्ता दुपटीच्या वर नेला. नवरा म्हणतो डॅलसला जाऊ. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. डॅलसला गेलो तर पुण्याचे पाहुणे म्हणणार, बघा, तुम्हीसुद्धा निघालात. त्यांच्या तोंडी हे येऊ नये म्हणून आपण विम्याचे पैसे भरतोय की काय, अशी शंका मला कधीकधी येते.

तुम्ही यायचं ठरवलंत तर आधी भाड्यानेच घ्या. घर बघताना एजंटला नको, शेजाऱ्याला विचारा: ५ ऑगस्ट २०१७ ला इथे पाणी कुठवर आलं होतं? त्या दिवशी वादळ नव्हतं, नुसता मुसळधार पाऊस होता, आणि पाणी उपसायचे कितीतरी पंप बंद होते. सामानाचा पूरविमा १ जूनच्या, म्हणजे वादळांचा हंगाम सुरू होण्याच्या, बराच आधी काढा, तो लागू व्हायला तीस दिवस जातात. आणि मुलीच्या शाळेचा अर्ज घर ठरायची वाट न बघता भरा. पसंतीक्रमात काय लिहायचं ते मला विचारा, फोनवर सांगेन, इथे लिहिण्यासारखं नाही.